देवाबद्दल आश्चर्य वाटायला हवं, पण ते आणायचं कुठून? (नवीन विश्वासीयांसाठी)

नवीन नवीन विश्वासात आलं की सुरुवातीचे काही महिने सगळंच भारी वाटतं, प्रार्थनेला बसलं की डोळे भरून येतात, बायबल उघडलं की ही ओळ माझ्यासाठीच लिहिलीये असं वाटतं, आणि मग कधी ते सवयीचं होऊन जातं कळतही नाही. तीच गाणी, तीच वाक्यं, "देव महान आहे" हे तोंडातून निघतं पण आत काही हलत नाही. मग माणूस घाबरतो, आपला विश्वास गेला की काय. तर आधी हे ऐका, तसं काही झालेलं नसतं. इस्राएल लोकांना रानात रोज सकाळी मान्ना (देवाने आकाशातून दिलेलं अन्न) मिळत होता, न पेरता न कापता, तरी बायबलमधल्या गणना या पुस्तकाच्या ११ व्या अध्यायात ते रडत बसलेत की डोळ्यांपुढे या मान्न्याशिवाय दुसरं काही नाहीच, आणि आठवण कशाची काढतात तर मिसरातल्या (म्हणजे इजिप्तमधल्या) काकड्या, खरबुजं, कांदे, लसूण यांची. चमत्कारसुद्धा रोज मिळाला की शिळा वाटायला लागतो, माणूस हा असाच आहे.

त्यामुळे आश्चर्य आपोआप टिकेल असं समजू नका. आणि ते ताकद लावून काढताही येत नाही, "आता मला आश्चर्य वाटू दे" म्हणून डोळे मिटून बसलं तर झोप येते. आपल्या हातात एकच गोष्ट आहे, ती म्हणजे लक्ष देणं. समोर जे आहे त्याच्याकडे नीट, पुरेसा वेळ बघणं, आणि ते ज्याच्याकडून आलं त्याच्याकडे वळणं. खाली ज्या पायऱ्या दिल्यात त्या सगळ्या याच एका गोष्टीच्या सवयी आहेत, सगळ्या एकदम करायला जाऊ नका.

पहिली पायरी: अंगावर काटा येणं वेगळं, आश्चर्य वेगळं

हे सगळ्यात आधी कारण इथेच बरेच जण अडकतात. उपासनेत म्युझिक चढत गेलं, लाईट कमी झाले, शेजारचे रडायला लागले की आपल्यालाही काहीतरी होतं. त्यात वाईट काही नाही, शरीर देवानेच दिलंय. पण तेवढ्यालाच आश्चर्य समजलात तर पुढच्या वेळी आणखी मोठा आवाज लागेल, त्याच्या पुढच्या वेळी आणखी मोठा, आणि मग जिथे जास्त "होतं" तिथे तुम्ही धावत राहाल.

मार्कच्या ६ व्या अध्यायात येशू आपल्या गावी, नासरेथला येतो आणि सभास्थानात शिकवतो. लोक थक्क होतात, हे ज्ञान याला कुठून आलं, याच्या हातून ही कामं कशी होतात असं एकमेकांना विचारतात. म्हणजे आश्चर्य वाटलं की त्यांना! आणि लगेच पुढे, अरे हा तर सुतार ना, मरीयेचा मुलगा, याचे भाऊबहीण आपल्यातच आहेत की, आणि संपलं, त्यांचं बिनसलं त्याच्याशी. थक्क होऊन पुन्हा जिथल्या तिथे. त्यांना वाटलं आपण याला ओळखतो, आणि त्या ओळखीनेच घात केला. गंमत बघा, त्याच प्रसंगाच्या शेवटी उलट येशूलाच त्यांच्या अविश्वासाचं आश्चर्य वाटतं.

तसंच योहानाच्या ६ व्या अध्यायात. पाच भाकरी आणि दोन मासे यांत पाच हजार पुरुष जेवले, आणि दुसऱ्याच दिवशी त्याच गर्दीतले लोक विचारतायत की तुझ्यावर विश्वास ठेवायला तू चिन्ह काय दाखवतोस? काल काय झालं मग? तेव्हा चमत्कार बघितला की विश्वास पक्का होईल, आश्चर्य कायमचं राहील, असं जे कुणी सांगतं त्याचं ऐकताना थोडं सावध राहा. खरं आश्चर्य ओळखायची माझी खूण साधी आहे, त्यानंतर माणूस थोडा लहान होतो, थोडा गप्प होतो आणि देवाला पुढचा प्रश्न विचारतो. नुसता चार्ज होऊन घरी आला तर मला शंका येते.

दुसरी पायरी: थांबा

निर्गमच्या ३ ऱ्या अध्यायात मोशे सासऱ्याची मेंढरं चारतोय. म्हणजे नेहमीचं काम, नेहमीचा दिवस. एक झुडूप पेटलेलं दिसतं. आता झुडूप पेटलंय हे एका नजरेत कळतं, पण ते जळून जात नाहीये हे कळायला तिथे थोडा वेळ बघत बसावं लागतं ना. तो म्हणतो, जरा बाजूला जाऊन हे काय आहे ते बघतो. आणि पुढचं वचन नीट वाचा, तो बघायला वळला हे देवाने पाहिलं, तेव्हा देवाने त्याला हाक मारली. हाक वळल्यानंतर आली.

तर करायचं काय: दिवसातून एकदा, दहा मिनिटं, फोन दुसऱ्या खोलीत (खिशात सायलेंटवर नाही, दुसऱ्या खोलीत), आणि देवाने केलेली एक गोष्ट घ्या आणि तिच्याकडे बघा. एक पान, स्वतःचा हात, पाऊस, मुंग्यांची रांग, झोपलेलं बाळ, काहीही. पहिली दोनतीन मिनिटं कंटाळा येईलच, तो येऊ द्या, त्याच्या पलीकडे गोष्टी दिसायला लागतात. मग स्वतःला तीन प्रश्न विचारा. हे असं असायलाच हवं होतं का? हे ज्याने केलं तो कसा असेल? आणि त्याला आत्ता काय म्हणावंसं वाटतं? तिसऱ्याचं उत्तर मोठ्याने बोला, ओबडधोबड चालेल, "देवा हे भारीये" एवढंही चालेल.

कुणी म्हणेल हे काय, नुसतं झाडपान बघत बसायचं का. पण येशूनेच सांगितलंय, मत्तयच्या ६ व्या अध्यायात, आणि कुणाला सांगितलंय तर काय खाऊ काय नेसू म्हणून काळजीत पडलेल्यांना. आकाशातली पाखरं बघा, रानातली फुलं कशी वाढतात ते बघा. आज आहेत, उद्या भट्टीत जाणार, आणि तरी शलमोन राजाच्या सगळ्या वैभवापेक्षा त्यांची सजावट भारी. उद्या जळणार असलेल्या गवतावर देव एवढी मेहनत घेतो, यावर दहा मिनिटं खरंच कमी पडतात.

तिसरी पायरी: बायबल कमी वाचा, पण हळू

वर्षात बायबल पूर्ण करायचे प्लॅन चांगले असतात, मी विरोधात नाही, पण आश्चर्यासाठी ते फारसे कामाचे नाहीत कारण तिथे टिकमार्क करायची घाई असते. त्याच्या जोडीला एक छोटा उतारा असा ठेवा की जो तुम्ही काही दिवस तोच वाचाल.

सुरुवात मार्क ४:३५ ते ४१ ने करा. वादळ, बुडायला आलेली नाव, उशीवर झोपलेला येशू. ही गोष्ट आपण एवढ्या वेळा ऐकलेली असते की "येशू वादळ शांत करतो, माझ्या आयुष्यातलंही करेल" एवढं म्हणून पुढे जातो. आता हळू वाचा. वारा पडला, समुद्र निवांत झाला, म्हणजे आता शिष्यांना हायसं वाटायला हवं. पण मार्क सांगतो की त्यानंतर ते फारच घाबरले. वादळात होते त्याहून वेगळी भीती, कारण वादळ काय असतं ते या कोळी लोकांना माहीत होतं, पण वाऱ्याला गप्प करणारा हा नावेत बसलेला माणूस कोण आहे ते माहीत नव्हतं. आणि गोष्ट त्यांच्या प्रश्नावरच संपते, हा आहे तरी कोण, वारा आणि समुद्रही याचं ऐकतात! उत्तर तिथे दिलेलंच नाही. आठवडाभर तो प्रश्न डोक्यात घेऊन फिरा.

ही भीती आली तर दचकू नका. यशयाच्या ६ व्या अध्यायात यशया संदेष्टा देवाचं दर्शन झाल्यावर म्हणतो मी मेलो, लूकच्या ५ व्या अध्यायात माशांनी भरलेल्या नावेत पेत्र हा कोळी येशूच्या पाया पडून म्हणतो प्रभू माझ्यापासून दूर जा, मी पापी आहे. आश्चर्याला ही एक बाजू असतेच. आणि दोन्हीकडे देव त्या माणसाला हाकलत नाही, उलट काम देतो.

मग स्तोत्र १४७ ची तिसरी आणि चौथी ओवी, फक्त दोनच. तिसरीत देव मोडलेल्या मनाच्या लोकांच्या जखमा बांधतो, चौथीत तो तारे मोजतो आणि प्रत्येकाला नाव देतो. मध्ये काहीही नाही, एकाला लागून दुसरं. आपण असं लिहिलं असतं का? आपण म्हटलं असतं तो तारे सांभाळणारा एवढा मोठा, आणि *तरीसुद्धा* माझ्याकडे बघतो. स्तोत्रकर्त्याला "तरीसुद्धा"ची गरजच वाटत नाही.

चौथी पायरी: ईयोब ३८ ते ४१, मोठ्याने

हे चार अध्याय मला सगळ्यात जास्त महत्त्वाचे वाटतात आणि नवीन लोकांना हे कुणी सांगतच नाही, कारण ईयोब म्हणजे दुःखाचं पुस्तक असं आपलं ठरलेलं असतं. ईयोबाची गुरंढोरं गेली, मुलं गेली, अंगभर फोड आले, आणि तो देवाला विचारतोय की का? मित्र येऊन लंबीचौडी प्रवचनं देतात. शेवटी देव वावटळीतून बोलतो, आणि "का" चं उत्तर देतच नाही. तो उलट ईयोबालाच विचारत सुटतो, मी पृथ्वीचा पाया घातला तेव्हा तू कुठे होतास, बर्फाची कोठारं पाहिलीस का, रानबकऱ्या कधी वितात ठाऊक आहे का.

पहिल्यांदा वाचताना हे कठोर वाटतं, दुःखी माणसाला कुणी असं बोलतं का. पण देव कशाबद्दल बोलतोय ते बघा. ३८:२६ मध्ये तो म्हणतो की जिथे माणूस राहतच नाही अशा ओसाड जमिनीवर मी पाऊस पाडतो, तिथे गवत उगवावं म्हणून. ते बघायला कुणी नाही, आभार मानायला कुणी नाही, कुणाचं पीक यायचं नाही. ३९ व्या अध्यायात शहामृग येतं, जे अंडी जमिनीवर टाकून जातं, कुणाचा पाय पडेल याचंही त्याला भान नाही, देवाने त्याला अक्कल दिली नाही असं तिथे सरळ म्हटलंय, पण तेच धावायला लागलं की घोडा आणि घोडेस्वार दोघांना हसतं. देवाला त्या खुळ्या पक्ष्याचं केवढं कौतुक! म्हणजे ईयोबाच्या दुःखाच्या बाहेर केवढं मोठं जग आहे आणि त्या सगळ्या जगात देव बारीकसारीक लक्ष घालतोय. मग ज्याच्याशी तो स्वतः येऊन चार अध्याय बोलतो त्या माणसाला तो विसरला असेल का? हे देव म्हणत नाही, ते आपल्याला वाचता वाचता कळतं. आणि ४२ व्या अध्यायात ईयोब म्हणतो की मला न कळणाऱ्या, माझ्या आवाक्याबाहेरच्या अद्भुत गोष्टींबद्दल मी बोललो. अजून त्याला काहीही परत मिळालेलं नाही, हे लक्षात ठेवा, मिळतं ते नंतर.

हे मनात वाचू नका, मोठ्याने वाचा, प्रश्नचिन्ह आलं की दोन सेकंद थांबा आणि खरंच उत्तर द्यायचा प्रयत्न करा. बहुतेक ठिकाणी "नाही" आणि "माहीत नाही" एवढंच येतं. आज विज्ञानाला यातल्या काही गोष्टी माहीत आहेत म्हणा, त्यावरच येतो.

पाचवी पायरी: माहिती घ्यायला घाबरू नका

काहींना वाटतं की जास्त कळलं तर आश्चर्य कमी होईल. माझा अनुभव उलटा आहे. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात ताऱ्यांचा उल्लेख जवळजवळ जाता जाता येतो, सूर्यचंद्राचं सांगून झाल्यावर, "तारेही केले". आता यात थोडी माहिती घाला. आपल्या आकाशगंगेतच किमान १०० अब्ज तारे आहेत. सूर्याचा प्रकाश आपल्यापर्यंत यायला साधारण ८ मिनिटं लागतात, आणि खूप अंधाऱ्या आकाशात नुसत्या डोळ्यांनी जो देवयानी (अँड्रोमिडा) या दुसऱ्या आकाशगंगेचा धूसर ठिपका दिसतो त्याचा प्रकाश सुमारे २५ लाख वर्षं प्रवास करून आलाय. आता ते दोन शब्द परत वाचा. तारेही केले.

योहानेस केपलर हा धर्मोपदेशक व्हायचं म्हणून शिकायला गेलेला आणि पुढे ग्रहांचं गणित करत बसलेला माणूस, ग्रहांच्या गतीचे पहिले दोन नियम त्याने १६०९ मध्ये छापले आणि तिसरा १६१९ मध्ये, आणि त्या १६१९ च्या पुस्तकात गणित करता करता तो सरळ देवाची प्रार्थनाच लिहायला लागतो. त्याला ते दोन वेगळे विषय वाटले नाहीत.

एक सूचना मात्र आहे. "हे विज्ञानाला कळत नाही म्हणून इथे देव" असं करू नका, उद्या कळलं तर तुमचा देव तेवढा लहान होणार. इंद्रधनुष्य पाण्याच्या थेंबातून प्रकाश वळून कसं होतं ते कळलं तरी प्रकाशच का आहे, आणि तो बघून आनंद होणारा मी का आहे, हे उरतंच.

सहावी पायरी: क्रूसाकडे परत या

निसर्ग बघून आश्चर्य कुणालाही वाटू शकतं, त्याला ख्रिस्ती असायची गरज नाही. ख्रिस्ती माणसाचं आश्चर्य शेवटी एका जागी येतं, आणि नेमकी तीच गोष्ट आपण सगळ्यात जास्त वेळा ऐकलेली असल्याने ती सगळ्यात गुळगुळीत झालेली असते. येशू माझ्या पापांसाठी मेला, हो, माहीतये, पुढे.

दोन उपाय सांगतो. एक, मार्कचा १५ वा अध्याय एका बैठकीत वाचा पण मधल्या कुणा छोट्या माणसाच्या बाजूला उभं राहून. शिमोन कुरेनेकर घ्या, तो शेताकडून येत होता, त्याचा काही संबंध नव्हता, शिपायांनी धरून क्रूस वाहायला लावला. आणि मार्क जाता जाता सांगतो की हा आलेक्सांद्र आणि रूफ यांचा बाप. मुलांची नावं कशाला सांगितली? बहुतेक वाचणाऱ्या मंडळीला ती मुलं माहीत असणार. म्हणजे त्या दिवशी जबरदस्तीने पकडलेल्या माणसाच्या घरात पुढे काहीतरी घडलं. किंवा तो शताधिपती (रोमी सैन्यातला अधिकारी) घ्या, ज्याने येशू *कसा मेला* ते समोरून पाहिलं आणि म्हणाला की खरोखर हा देवाचा पुत्र होता. चमत्कार पाहून म्हणाला नाही, मरताना पाहून म्हणाला.

दुसरा, योहान १३. येशू शिष्यांचे पाय धुतो. योहान आधी लिहितो की पित्याने सगळं आपल्या हाती दिलंय आणि आपण देवाकडून आलोय हे येशूला माहीत होतं, आणि लगेच पुढे, म्हणून तो उठला आणि कमरेला रुमाल बांधला. सगळं हातात आहे आणि त्या हातात काय घेतलं तर लोकांचे मळलेले पाय. येशूला धरून देणारा यहूदा अजून तिथेच होता, तो नंतर बाहेर गेला. म्हणजे त्याचेही पाय धुतले गेले, आणि तो काय करणार आहे हे येशूला माहीत होतं. इथे थांबा. पुढच्या वेळी प्रभुभोजनाला जाल तेव्हा भाकर हातात आली की लगेच तोंडात टाकू नका, हे आठवा.

सातवी पायरी: लिहून ठेवा, आणि सांगा

ही पटकन सांगतो. ब्लेझ पास्कल या फ्रेंच गणितज्ञाला २३ नोव्हेंबर १६५४ च्या रात्री देवाचा असा काही अनुभव आला की त्याने तारीख आणि वेळेसकट तो कागदावर उतरवला, आणि तो कागद कोटाच्या अस्तरात शिवून ठेवला. १६६२ मध्ये तो वारल्यावर तो सापडला. तुम्हाला शिवायची गरज नाही, एक वही पुरे. पण "देवा सगळ्यासाठी धन्यवाद" असं लिहू नका, सगळ्यासाठी म्हणजे कशासाठीच नाही. नेमकं लिहा, आज काय दिसलं, काय वाचलं, कुठे थांबलो. आणि आठवड्यात एकदा कुणाला तरी सांगा, घरात, सेलग्रुपमध्ये, पाळकांना, मित्राला. लूकच्या १७ व्या अध्यायात दहा कुष्ठरोगी बरे झाले, परत येऊन मोठ्याने देवाचं गौरव करणारा एकच होता. बाकीचे नऊही बरे झालेच होते बरं का.

काहीच वाटत नसेल तर

असे दिवस येतात, आठवडे येतात. अशा वेळी स्वतःला झोडपू नका आणि खोटं "वाव" पण करू नका. स्तोत्र ८८ वाचा, ते अंधारातच संपतं आणि तरीही ती प्रार्थनाच आहे. स्तोत्र ७७ मध्ये स्तोत्रकर्ता आसाफ देव दया करायला विसरला का असं उघड विचारतो आणि मग जुनी कृत्यं एकेक करून आठवायला बसतो, तेव्हा ती वही कामाला येते.

आणि कधी कधी कारण आध्यात्मिक नसतंच. १ राजे १९ मध्ये एलीया संदेष्टा इतका थकलेला असतो की देवाला म्हणतो आता माझा जीव घे. देव त्याला लगेच दर्शन देत नाही, आधी झोपू देतो, मग दूत येऊन उठवून खायला घालतो, तो पुन्हा झोपतो, पुन्हा खायला घालतो. डोंगर, वारा, भूकंप, अग्नी आणि मग तो मंद आवाज हे सगळं त्यानंतर. झोप पुरत नसेल तर आधी झोपा. आणि उदासी खूप दिवस जातच नसेल, कशातच मन लागत नसेल तर प्रार्थनेसोबत डॉक्टरांकडेही जा, यात विश्वास कमी पडल्याचं काही नाही.

सुरुवात नक्की कशी करायची

पहिल्या आठवड्यात एवढंच करा. सोमवार ते बुधवार मार्क ४:३५-४१ रोज तेच, आणि दहा मिनिटं बघणं. गुरुवारी स्तोत्र ८ रात्री, जमलं तर बाहेर उघड्यावर. शुक्रवारी ईयोब ३८ मोठ्याने, एकच अध्याय, बाकीचे पुढच्या आठवड्यांत. शनिवारी योहान १३ मधल्या पहिल्या १७ ओव्या. रविवारी नवीन काही वाचू नका, मंडळीतल्या एखाद्या म्हाताऱ्या आजी-आजोबांच्या शेजारी बसा आणि विचारा, इतकी वर्षं विश्वासात आहात, देवाबद्दल अजूनही कशाचं आश्चर्य वाटतं तुम्हाला? आणि मग मधे न बोलता ऐका, ते बरंच बोलतील.